टर्बोवाले अण्णा

अण्णांचं तोंड मी नंतर पाहिलं. आधी दिसले ते त्यांचे पाय. जीपच्या पुढच्या चाकाजवळ खाकी हाफ पँटीतून बाहेर आलेले, शिरा तटतटलेले दोन काळे पाय. पोट आणि डोकं गाडीखाली. तिथूनच आवाज आला, "मार की! थांबलीस का?"

ते मला उद्देशून नव्हतं. गाडीच्या कडेला त्यांची बायको पदर खोचून पायानं हवेचा पंप दाबत होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणारे, एक हात गाडीच्या बॉनेटवर टेकलेला. माझ्याकडे बघून ती कसनुसं हसली, पण पाय थांबवला नाही.

"खोली बघायला आलेय," मी म्हणाले.

पाय सरकले, पोट आलं, शेवटी डोकं आलं. मिशा पांढऱ्या, भुवया काळ्या, कपाळाला वंगण, हातात साबणाच्या फेसाची वाटी. उठून न बसताच त्यांनी विचारलं, "स्टो कुठला वापरता? पंपाचा का वातीचा?"

"पंपाचा."

"वॉशर गळतंय का?"

"माहीत नाही."

"म्हाईत न्हाई!" ते बायकोकडे बघून ओरडले. "बग, मास्तरीण हाय आन सवताच्या स्टोचं वॉशर म्हाईत न्हाई!" मग माझ्याकडे वळून, "कवा येताय ऱ्हायला?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्यातल्या एका शाळेत मला नोकरी लागली होती आणि मी खोली शोधत फिरत होते. आमचं घर पलूसकडचं, बौद्ध. साताऱ्यात खोली बघायला गेलं की आधी गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की घरमालकांना अचानक आठवायचं, की पुण्याचा पुतण्या राहायला येणार आहे. इतके पुतणे त्या महिन्यात साताऱ्यात येणार होते, की त्यांची वेगळी वसाहतच झाली असती. अण्णांनी आडनाव विचारलंच नाही. मीच सांगितलं, कारण पुढे कटकट नको होती. ते म्हणाले, "त्ये राहू द्या. मोरीचा नळ नीट बंद करायचा. थेंब पडला तर खोली खाली."

हे आधीच सांगते, कारण पुढे मी ज्या माणसावर रागावून लिहिणार आहे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. असा राग वाईट. तो धड करताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

अण्णा माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं. पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या आईचा मुलगा, त्यामुळे गळका नळ दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जायचे. दूधवाल्याच्या कॅनचं झाकण पाझरलं म्हणून त्याला भर गल्लीत उभं करून झापलं होतं, "फौजेत असतास तर कोर्टमार्शल केलं असतं!" दूधवाल्यानं दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत यायचं बंद केलं. सगळी गल्ली अण्णांना शिव्या देत कोपऱ्यापर्यंत दूध आणायला जायची.

ते बोलत नसत, ओरडत. 'जेवायला वाढ' हेसुद्धा परेडवर दिलेल्या हुकमासारखं यायचं. पण हाच आवाज एकदा माझ्यासाठीही चढला. शेजारच्या एका बाईंनी सामाईक नळावर माझ्या कळशीकडे बघून काहीतरी पुटपुटलं. मला सवय होती, मी कळशी भरत राहिले. अण्णा आतून हातात पाना घेऊनच आले.

"पाणी नगरपालिकेचं," ते म्हणाले. "नळ माज्या दारात. त्याचं वॉशर म्या बसवलंय. आता काय म्हनत हुता, त्ये मोठ्यानं म्हना."

बाई कळशी तिथंच ठेवून घरात गेल्या. पुन्हा कधी कुणी पुटपुटलं नाही.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. मावशींचं माहेर पाचगणीच्या पुढं, डोंगरावरच्या एका वाडीत. तिथं त्यांची म्हातारी आई आणि भाऊ. भावाची स्ट्रॉबेरीची शेती. मावशी दर दोन-तीन महिन्यांनी एसटीनं आईला भेटून यायच्या. जाताना मऊ शिजवलेलं काहीतरी डब्यात न्यायच्या, कारण म्हातारीला दात नव्हते. हे सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग, मी खोली घ्यायच्या काही महिने आधी, अण्णांनी जीप घेतली.

जुनीच घेतली, पण मागच्या दारावर मोठ्या लाल अक्षरांत 'टर्बो' लिहिलेली. टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी मला, दूधवाल्याला, पोस्टमनला आणि एकदा दारावर आलेल्या नंदीबैलवाल्यालाही समजावून सांगितलं होतं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्री फिरवतो. ती चक्री बाहेरची हवा ओढून, दाबून पुन्हा इंजिनात कोंबते. कोंबलेल्या हवेनं गाडीला चढावर जोर येतो. "पैलवानाला खुराक, तसा हिला वारा," असं ते म्हणायचे. चक्रीपासून इंजिनापर्यंत हा दाबलेला वारा रबरी पायपांतून जातो. त्यात कुठं बारीक भोक असेल, नाहीतर जोड सैल असेल, तर वारा बाहेर पळतो. मग गाडी काळा धूर सोडते, सूंऽऽ असा आवाज करते आणि चढाला बसते.

त्यांची जीप पहिल्याच खेपेला पसरणीच्या घाटात बसली. मावशी शेजारी, मागे सासरवाडीला न्यायची मिठाई. जीप काळा धूर ओकत पहिल्या गिअरमध्ये रखडली आणि मागून येणारे झाडून सगळे पुढे निघून गेले. त्यात मावशींचा भाऊही होता, स्ट्रॉबेरीची खोकी पोचवून रिकामा टेम्पो घेऊन परत चाललेला. त्यानं टेम्पो शेजारी आणून खिडकीतून विचारलं, "दाजी, टर्बो हाय का ट्रॅक्टर?"

चेष्टा होती. मेव्हण्यानं दाजीची करायची नाही तर कुणाची? पण अण्णांनी तिथूनच गाडी वळवली. मिठाईसकट. मावशी सांगत होत्या, आईच्या घराचे पत्रे समोरच्या डोंगरावर दिसत होते.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "गळती निघंपातुर सासरवाडी बंद. आन निघाल्यावर जायाचं त्ये टर्बोतनंच. एसटीनं गेलीस तर तिकडंच ऱ्हा, परत येऊ नगंस."

मावशींना वाटलं, आठवडाभर चालेल हे. मलाही तसंच वाटलं असतं. ते वर्षभर चाललं.

दर रविवारी तोच कार्यक्रम. चक्रीच्या तोंडावर अण्णांनी स्वतः कातलेलं लाकडी बूच बसवायचं. बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला पंप, आणि पंपावर मावशींचा पाय. आत हवा भरली की अण्णा प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठं येतात ते बघत गाडीखाली पडून राहायचे. बुडबुडा दिसला की आरोळी. मग तिथं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या, काळा लेप थापायचा, वरून लोखंडी क्लिप बसवून करकचून आवळायची. पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्या क्लिपा थोड्या-थोड्या आवळायच्या. साबण संपला की मावशींनी केसांसाठी भिजवलेला रिठा. "फेस बारीक येतो," ते म्हणायचे.

साताऱ्यातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांशी त्यांचं भांडण झालं. एक म्हणाला डिझेलचा पंप बघा, तर त्याला "तुजा बा तरी मेकॅनिक हुता का" म्हणून आले. दुसऱ्यानं सरळ सगळे पाईप बदला म्हटलं, तर तो लुटारू ठरला. "गळती म्या शोदनार. दुश्मन दिसत न्हाई म्हंजे न्हाई असं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. रोज संध्याकाळी ते गाडी घेऊन यवतेश्वरच्या चढापर्यंत जायचे आणि शिव्या देत परत यायचे.

मी मावशींना म्हणायचे, "तुम्ही जा की एसटीनं. काय करणार आहेत ते?"

"बोलून गेल्यात न्हवं. माणूस सबदाचा पक्का हाय."

"शब्दाचा पक्का म्हणजे हट्टी, मावशी."

त्या गुडघ्याला तेल चोळायच्या. कधी म्हणायच्या, "आईला सांगाया पायजे, की लेक इसरली न्हाई." भाऊ बाजाराला आला की त्याच्याबरोबर निरोप जायचा. निरोप एकच, गाडी दुरुस्त होतेय, झाली की येते.

मग हिवाळ्यात, ऐन स्ट्रॉबेरीच्या दिवसांत, शेजाऱ्यांच्या फोनवर भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळलीय. खात नाही. आक्काचं नाव घेतीय. लवकर या.

मावशी फोनवरून आल्या, निरोप सांगितला आणि पिशवी भरायला लागल्या. अण्णांनी ऐकलं, उठले, गाडीचं बॉनेट उघडलं आणि चक्रीजवळचा मोठा पाईप काढून हातात घेतला. "ह्योच हाय," ते म्हणाले. "ह्योच. सांगलीत एक जन असा पाईप बनवून देतो. सकाळी जातो, दुपारी येतो, बसवला की निगायचं. अंधार पडायच्या आत पोचतोय, बग."

गाडीचा पाईप काढलेला, म्हणजे गाडी जाग्यावर. ते सांगलीला कसे गेले? एसटीनं. बायकोनं आजारी आईकडे एसटीनं गेलं तर यांची इज्जत जात होती, पण रबराच्या पायपासाठी एसटीत बसायला काही अडचण आली नाही. 

मी त्या दिवशी शाळेत गेलेच नाही. मावशी सकाळपासून पायरीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. नाचणीची पेज डब्यात होती. ऊन पायरीवरून सरकलं तशा त्याही सरकल्या. मी कितीदा म्हटलं, चला, मी येते सोबत. त्या म्हणायच्या, येतीलच आता.

अण्णा उन्हं कलल्यावर आले. नवा पाईप गळ्यात हारासारखा घातलेला. आल्या-आल्या गाडीखाली गेले. पाईप बसवला, बूच लावलं आणि खालून ओरडले, "मार!"

मावशी पायरीवरून उठल्या, पिशवी खाली ठेवली आणि पंपावर पाय ठेवला.

खालून आवाज आला, "थांब. दुसरीकडं बुडबुडा येतोय."

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी पंप ओढून बाजूला फेकला एवढं नक्की. मी ओरडत होते, आणि माझा आवाज अण्णांच्यापेक्षा मोठा होता, कारण गल्ली बाहेर आली होती. "बाहेर या! बाहेर या म्हणते! तिकडं तिची आई मरतेय आणि तुम्ही फुगे बघताय? माणूस आहात का कोण आहात?"

अण्णा बाहेर आले. त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. "बाई," ते म्हणाले, "घरातल्या भानगडीत—"

"घरातली नाही. आता रस्त्यावरची आहे." मी मावशींची पिशवी उचलली. "मावशी, येताय?"

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "अगं, पाच मिंटात हुतंय." मावशींनी चपला घातल्या.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. घाट लागला तशा बाहेर बघत राहिल्या. वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भावानं दारातच सांगितलं, "दुपारपातुर सुद्दीत हुती. दाराकडं बगत हुती. आता मानसं वळकत न्हाई, आक्का."

म्हातारी घोंगडीत एवढीशी झाली होती. मावशी जवळ बसल्या, कपाळावर हात ठेवला. म्हातारीनं डोळे उघडले, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुमी खालनं आलाव का?"

"व्हय."

"माजी लेक दिसली का वाटंत? कवा यायची हाय?"

मावशींचा हात कपाळावरून हलला नाही. "निगालीया," त्या म्हणाल्या. "घाट चढतीया."

"गाडी हाय म्हनं तिची."

"व्हय. लय चांगली गाडी हाय."

पुढचे चार-पाच दिवस म्हातारी हेच विचारत राहिली आणि मावशी हेच सांगत राहिल्या. पेज त्यांनीच भरवली. ती कुणाच्या हातची खातेय हे म्हातारीला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेसाठी परतले होते, हे सगळं मला त्यांच्या भावानं नंतर सांगितलं.

म्हातारी गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला तो मीच घेतला. अण्णा अंगणात गाडीजवळ बसले होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "पहिली गाडी धरली तर मातीला पोचाल."

त्यांनी उघड्या बॉनेटकडे पाहिलं. म्हणाले, "दुसरा पाईप सांगलीसनं आजून आला न्हाई."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. उघडं राहिलं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

दहाव्याला मी वाडीत गेले. विधी उरकले होते, पाहुणे जेवायला बसत होते, तेवढ्यात खालच्या वळणावरून गाडीचा आवाज आला. धूर नाही, सूंऽऽ नाही. जीप सरळ चढून अंगणात आली. अण्णा उतरले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. मंडळी उठून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी हा माणूस दारात जाऊन डोकं टेकेल. मावशी बाहेर आल्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वर्षभर तोंडात ठेवलेलं होतं तेच बाहेर पडलं.

"तिसऱ्या गिअरमदी चढली," ते म्हणाले.

 मावशींनी गाडीकडे एकदा पाहिलं.

"चढली न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग आता उतरवा."

आणि आत गेल्या.

परतीची एसटी चुकली होती, म्हणून मी जीपमध्ये बसले. नाइलाजानं. घाटात अर्ध्यावर अण्णांनी गाडी कडेला घेतली. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. स्टिअरिंगवर हात ठेवून ते म्हणाले, "गळती कुटं हुती म्हाईत हाय का, बाई? इंजनाजवळच्या पायपाला. क्लिपच्या खाली. दर रविवारी म्याच आवळून आवळून रबर कापलं हुतं. वरनं दिसायचं न्हाई. चांगला पाईप हुता. म्याच कापला."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खालचा ऐकला. मला त्या वेळी दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "हे मला का सांगताय? मघाशी अंगणात सांगायचं होतं."

त्यांनी गाडी सुरू केली. 

मावशी माहेरीच राहिल्या. स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला, उन्हाळा गेला, तरी त्या तिथंच. अण्णा आठवड्याला जीप घेऊन जायचे आणि रिकामी जीप घेऊन यायचे. जेवण स्वतः करपवायचे. एकदा मी रागारागानंच त्यांच्या दारात भाजीची वाटी ठेवली. वाटी धुऊन परत आली, सोबत माझ्या स्टोसाठी नवं वॉशर. मी ते फेकून दिलं नाही, पण बसवलंही नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर एका दुपारी मावशी स्टँडवरून चालत आल्या. अण्णा उठून उभे राहिले, पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दिली नाही. मला नंतर म्हणाल्या, "परत येऊ नगंस म्हनालं हुतं, म्हनून आले न्हाई. आता ये म्हनत्यात, म्हनून बी आले न्हाई. घर माजं बी हाय, म्हनून आले."

त्या जीपमध्ये त्या पुन्हा बसल्या नाहीत. मंडईला चालत जायच्या. अण्णा जीप हळूहळू मागून चालवत न्यायचे, काच खाली करून "बस की गं" म्हणायचे आणि मंडईपर्यंत तसेच जायचे. मागची वाहनं हॉर्न वाजवायची. अण्णा त्यांच्यावर ओरडायचे. तेवढ्या बाबतीत माणूस बदलला नव्हता.

म्हातारीच्या वर्षश्राद्धाला मी, मावशी आणि पिशव्या, अशा आम्ही सकाळच्या पाचगणी गाडीत चढलो. जीप दारात धुऊन उभी होती. गाडी सुटायच्या बेतात असताना अण्णा धापा टाकत चढले, टोपी वाकडी, आणि मावशींच्या मागच्या बाकावर बसले. खिडकीची काच खडखडत होती. एरवी त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं असतं. त्यांनी काचेवर तळहात दाबून धरला.

कंडक्टर आला. मावशींनी माझं आणि स्वतःचं तिकीट मागितलं. कंडक्टरनं मागे वाकून पाहिलं. त्यानं या जोडप्याला गल्लीत पाहिलं असावं.

"आन सुभेदारांचं?"

"त्येंचं त्ये बगतील," मावशी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मागून अण्णांचा आवाज आला. हळू, जवळजवळ न ऐकू येणारा.

"एक पाचगणी द्या."